बिअर, पेटी आणि परवाना

ज्या पुस्तकातली एकसुद्धा कृती करून पाहिली तर दारात राज्य उत्पादन शुल्क विभागाची माणसं उभी राहू शकतात, अशा पुस्तकाचं परीक्षण लिहायला माणूस बँकेतलाच हवा. दुसऱ्याचे पैसे दिवसभर मोजायचे आणि संध्याकाळी हात झटकून घरी यायचं, ही आमची वीस वर्षांची तपश्चर्या. लाखांची बंडलं हाताखालून जातात, पण मोह होत नाही. (होतो, पण तो ताळेबंदात दाखवायचा नसतो.) तेव्हा घरच्या घरी बिअर कशी करावी या विषयावरचं एक जाडजूड पुस्तक, एक थेंबही न गाळता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी वाचलं यात नवल काही नाही.

पुस्तकाचं नाव ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’. लेखक चार्ली पपाझियन. पहिली आवृत्ती १९८४ ची. माझ्या हाती पडली ती २०१४ ची चौथी. अमेरिकेतला भाचा सुट्टीवर आला होता. परतताना त्याची बॅग वजनात बसेना, म्हणून तो चार वस्तू आमच्याकडे ठेवून गेला. त्यातल्या तीन वस्तू सौ.ने त्याच संध्याकाळी वापरात काढल्या. चौथी माझ्या वाट्याला आली.

लेखकाची हकीकत मोठी गमतीची आहे. हा गृहस्थ शिकला अणुअभियांत्रिकी. पदवी घेतली आणि कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी जाऊन शाळेत मुलांना शिकवू लागला. संध्याकाळी मोठ्या माणसांना बिअर करायला शिकवायचा. आपल्याकडे एखादा मुलगा अणुविज्ञान शिकून या वाटेला लागला असता, तर आत्याबाईंनी त्याची पत्रिका तीन ज्योतिषांना दाखवली असती. आणखी गंमत म्हणजे त्या काळी तिकडेही हा उद्योग बेकायदाच होता. अमेरिकेची दारूबंदी १९३३ साली उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बिअरचं नाव कागदात यायचं राहून गेलं. राहिलं ते राहिलंच. सरकारी कागदात राहून गेलेली गोष्ट पुन्हा आत घालायला किती वर्षं लागतात, हे आम्हा नोकरदारांना कुणी सांगायला नको. इथं पंचेचाळीस लागली. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षापासून दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाकाठी दोनशे गॅलन बिअर विनापरवाना करायची परवानगी मिळाली. दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात दर घराच्या वाट्याला टँकरचं इतकं पाणी आलं तर आम्ही सेक्रेटरीला हार घालू.

आमच्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे. आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालंय, पण गाभा तोच. परवान्याशिवाय मद्य करायचं नाही. प्यायलाही कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो दिला जातो तो ‘आरोग्य राखण्यासाठी’. म्हणजे कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीसमोर शनिवारी संध्याकाळी जी गर्दी दिसते, ती सगळी तब्येतीची काळजी घेणारी मंडळी. शिवाय वाळूजच्या कारखान्यात तयार झालेली बाटली हिशेबात ‘विदेशी मद्य’. छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलेल्या माणसाला विदेश दौऱ्याचा भत्ता मात्र कोणी देत नाही. मी चौकशी केली आहे.

तर आपली परिस्थिती अशी: विकत आणा, थंड करा, प्या. करू मात्र नका.

हे वाचताना मला सारखी पेटी आठवत होती. आमच्या पेटीच्या नशिबी बरोबर याच्या उलट आलं. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली. कारण काय, तर तिला मींड घेता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, तिचे सूर खुंटीला बांधल्यासारखे ठरलेले. आक्षेप खोटा नव्हता. पण बंदी उठायला, तीही थोडी थोडी, १९७१ साल उजाडलं. एकतीस वर्षं पेटी रेडिओवरून हद्दपार. पण घरात? घरात तिला कोणी हात लावला नाही. संगीत नाटकात ती होती, भजनात होती, वाड्याच्या माडीवर होती. गोविंदराव टेंब्यांनी तिला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती काही आकाशवाणीला विचारून नव्हे. पु. ल. देशपांडे तर त्या बंदीच्या काळात आकाशवाणीत नोकरी करत होते आणि पेटीही वाजवत होते. सरकारनं दुकान बंद केलं, घर उघडं ठेवलं. बिअरच्या बाबतीत दुकान उघडं आणि घर बंद. या दोन बंद्यांनी दोन निराळे समाज तयार केले, असं माझं म्हणणं आहे, आणि या परीक्षणात मला तेच मांडायचं आहे. पण आधी पुस्तक.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: नवशिक्यांसाठी, थोडं जमू लागलेल्यांसाठी आणि पुढे गेलेल्यांसाठी. पुणेकर वाचक याला ताबडतोब प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद म्हणेल. प्रवेशिकेला तयार मॉल्टचा पाक आणून काम भागतं. विशारदाला मात्र धान्यापासून सुरुवात. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि वाळवायचे. हा झाला मॉल्ट. (मोड आणण्याच्या प्रकरणात लेखकानं जी पानं खर्ची घातली आहेत ती सौ.ला दाखवली. ती म्हणाली, “मटकीला मी एवढं बोलत नाही.”) मग तो भरडून पासष्ट-सदुसष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्सबरोबर तासभर उकळायचा, झटकन गार करायचा, त्यात यीस्ट घालायचं आणि आठवडाभर त्याच्याकडे बघायचं नाही. शेवटी बाटलीत भरताना चिमूटभर साखर, आणि पुन्हा दोन आठवडे वाट.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. आपल्या देशात ती हिमाचलातल्या लाहौलमध्ये होतात. ही फुलं उकळीला केव्हा घालायची यावर सगळी मदार. सुरुवातीला घातली तर कडूपणा उतरतो, पण वास उडून जातो. शेवटच्या पाच मिनिटांत घातली तर कडूपणा नाही, नुसता दरवळ. हे प्रकरण मी दोनदा वाचलं, कारण हे मला ओळखीचं वाटलं. पहिली फुलं म्हणजे विलंबित ख्याल: त्यातला धीमेपणा नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, पण मैफलीचा कणा तोच. शेवटची फुलं म्हणजे भैरवी. लोक घरी जाताना गुणगुणतात ती तिलाच. फुलं एकच, घालायची वेळ निराळी. आपल्याकडे रागांना वेळ का असते असं विचारणाऱ्या मुलांना यापुढे मी हेच उत्तर देणार आहे. राग आणि बिअर यांचं उदाहरण एका वाक्यात दिलं म्हणून गायन क्लासच्या बाई रागावतील, पण ते त्यांचं काम आहे.

कॉमर्सच्या पदवीधराला या पुस्तकात सर्वांत आवडेल तो हायड्रोमीटर. रसाची घनता आधी मोजायची, समजा १.०४८. आंबून झाल्यावर पुन्हा मोजायची, समजा १.०१२. हा ओपनिंग बॅलन्स, तो क्लोजिंग बॅलन्स. मधली रक्कम यीस्टनं उचलली आणि तिच्या बदल्यात सुमारे पावणेपाच टक्के मद्यार्क आणि फेस जमा केला. अफरातफर नाही, सगळं व्हाउचरनिशी.

या यीस्टबद्दल मला आपुलकी वाटते, ती एका जुन्या कागदामुळे. १५१६ साली बव्हेरियात हुकूम निघाला: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचं नावही त्यात नाही. काम सगळं तेच करत होतं, पण ते कोणाला दिसत नव्हतं. लुई पाश्चरनं बिअरवर ग्रंथ लिहिला १८७६ साली. यीस्टच्या कामाची खरी नोंद तेव्हाची. साडेतीनशे वर्षं ज्याच्या जिवावर कारभार चालला त्याचं नाव मस्टरवर नाही! माझ्या काउंटरवरच्या सहकाऱ्यांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा युनियनच्या प्रतिनिधीचे डोळे पाणावले.

आता परीक्षण लिहायचं तर पुस्तकाची परीक्षा घेणं आलं, आणि बिअर करणं तर वर्ज्य. मी ती परीक्षा इडलीच्या पिठावर घेतली. आंबणं ते आंबणंच. इथं काम मुख्यतः जिवाणूंचं एवढाच फरक. पपाझियन सांगतो: भांडी निर्जंतुक करा, तापमान सांभाळा, प्रत्येक वेळची नोंद ठेवा. मी डिसेंबरात आठ वेळा पीठ भिजवलं आणि वहीत तारीख, वेळ, तापमान लिहिलं. पुण्याच्या थंडीत पीठ रात्रभर ढिम्म राहतं हे घरोघरी माहीत आहे. पण दहा अंशांच्या रात्री उघड्या ओट्यावर ते तसूभर हललं नाही आणि पांघरूण घालून बंद कपाटात ठेवलं की सकाळी दोन बोटं वर आलं, हे मी आकड्यांनिशी सिद्ध केलं. सौ.ने वही वाचली. म्हणाली, “हे माझ्या आजीला माहीत होतं. फक्त तिला सही-शिक्का लागत नव्हता.” पुस्तक परीक्षेला उतरलं, हे मात्र तिनं इडल्या खाताना मान्य केलं.

पुस्तकाचा खरा गुण त्याच्या सुरात आहे. दर चार पानांनी लेखक वाचकाच्या पाठीवर हात ठेवून सांगतो, घाबरू नका, आणि मागच्या खेपेची एक बाटली उघडायला लावतो. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’ लिहिली आणि नव्या सुनांना वाटी-चमच्याच्या मापानं धीर दिला. पपाझियनच्या धीराची जात तीच. फक्त कमलाबाई चक्कर येईल असं काही प्यायला सांगत नाहीत. कृतींची नावंही अशी, की भीती टिकूच नये. एका काळ्या बिअरचं नाव आहे ‘टोड स्पिट स्टाउट’, मराठीत बेडकाच्या थुंकीचा स्टाउट. दुसरी मधाची लागर आहे तिला नाव ‘रॉकी रकून’, म्हणजे बीटल्सच्या १९६८ मधल्या गाण्याचं. आपण बासुंदीला ‘सरड्याची लाळ’ म्हटलं तर पंगत उठून जाईल.

दोषही आहेत.  एका खेपेचा हिशेब पाच गॅलनचा, म्हणजे एकोणीस लिटर. दोन खोल्यांच्या ब्लॉकात एकोणीस लिटर रस तीन आठवडे ठेवायचा कुठे, तर जिथे सध्या सासूबाई झोपतात तिथे. एलच्या यीस्टला वीस अंशांच्या आसपासची हवा लागते आणि लागरच्या यीस्टला दहाची. एप्रिलातल्या पुण्यात अशी हवा एटीएमच्या खोलीत मिळते, आणि तिथं कॅमेरा असतो.

पण हे किरकोळ झालं. माझा मोठा आक्षेप आहे तो अखंड दिलाशाला. दोष ओळखायला लेखक उत्तम शिकवतो: बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तिला हवा लागली, लोण्याचा आला तर यीस्टचं काम अर्धवट राहिलं, उन्हात बाटली राहिली तर वास स्कंकचा, उकडलेल्या मक्याचा आला तर उकळी कमी पडली. हे सारं सांगतो आणि लगेच म्हणतो, असू दे, पुढच्या वेळी बघू. त्याच्या जगात कोणी कोणाचा कान धरत नाही. आमच्याकडे शिष्यानं षड्ज लावला की गुरुजी आधी सहा महिने तोच लावायला सांगतात. दिलाशानं माणूस सुरुवात करतो हे खरं, पण पुढे नेतो तो धरलेला कान.

आणि तरीही मला या पुस्तकाचा हेवा वाटला, तो याच दोषांच्या यादीमुळे. पुण्यात संगीत ऐकणारा साधा कारकूनसुद्धा मध्यंतरात वडा खाताना म्हणतो, “आज मध्यम जरा चढा लागत होता,” किंवा “तंबोऱ्याची जवारी नीट नव्हती.” हे शब्द त्याच्याकडे कुठून आले? विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. तेव्हापासून किती मुलं प्रवेशिका देऊन गाणं सोडून देत आली असतील! ती गवई झाली नाहीत. ती श्रोते झाली. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हा समोर सतरंजीवर रात्र रात्र बसायला माणसं लागली, ती या बेसूर गाऊन पाहिलेल्या घरांतूनच आली. कानसेन हा नापास झालेला तानसेन असतो. आणि नापास व्हायला आधी परीक्षेला बसू द्यावं लागतं.

आता बिअरकडे वळा. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी निघाली, २०१४ साली मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’. त्यानंतर आणखी निघाल्या. ताजी, निगुतीनं केलेली बिअर या शहरात मिळू लागली. त्यात इंडिया पेल एलही असते. नाव आपल्या देशाचं, कारण पूर्वी इंग्रज ती जहाजात भरून इथल्या गोऱ्या साहेबांसाठी पाठवत. पण पिणाऱ्यांची भाषा ऐका. विशेषणं दोनच: “चिल्ड आहे ना?” आणि “स्ट्राँग आहे का?” एवढ्या दोन शब्दांत आपण गाणं ऐकत असतो तर म्हणालो असतो, “मोठ्यानं गातोय ना? मग चांगला.” हे लोक मठ्ठ आहेत म्हणून नव्हे. याच मंडळींना लोणच्यात मोहरी कमी फेसली हे घासात कळतं, कारण त्यांच्या आईनं ते घरी घातलं होतं. जी गोष्ट घरात बिघडलेली पाहिली नाही, तिची चव सांगायला शब्दच तयार होत नाहीत. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या शेवटी शंभराच्या आत ब्रुअऱ्या उरल्या होत्या. आज नऊ हजारांवर आहेत, आणि १९८० मध्ये ‘सिएरा नेव्हाडा’ काढणारे केन ग्रॉसमनसारखे कितीतरी जण स्वयंपाकघरातून तिथे गेले. पण माझ्या लेखी कारखाने मोठे नाहीत. घराघरांत तयार झालेली, पुठ्ठ्याचा वास ओळखणारी नाकं मोठी.

इथे वाचकांना वाटेल की मी आता कायद्याला मूर्ख म्हणणार. नाही म्हणणार. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या गावी दारूच्या दुकानासाठी मतदान झालं होतं. बाईमाणसांनी मतं दिली, उभी बाटली की आडवी. मावशी एक दिवसाचा पगार बुडवून एसटीनं गावी गेल्या आणि बाटली आडवी करून आल्या. त्यांच्या घरी तिनं काय काय आडवं केलं होतं, ते त्या कधी सांगत नाहीत. आम्ही विचारत नाही. त्यांच्यासमोर बाल्कनीत एकोणीस लिटरची बादली ठेवून “मावशी, ही आमची हौस” असं म्हणायला जी छाती लागते, ती मला कुठल्याही पुस्तकातून मिळणार नाही. मी मनात युक्तिवाद करतो: ज्यानं त्यांचं घर बुडवलं तो माणूस महिनाभर यीस्टची वाट बघत बसला नसता, जो वाट बघतो तो वेगळ्या जातीचा. युक्तिवाद बरोबर आहे. पण कायद्याला चेहरा वाचता येत नाही. बँकेतही आम्ही ओळखीच्या काकूंकडून केवायसीचे कागद घेतोच. नियम चांगल्या माणसासाठी नसतो, आणि त्याला वगळून लिहिताही येत नाही.

म्हणून माझा निकाल असा. पुस्तक विकत घ्यावं, वाचावं, आणि ‘रुचिरा’च्या शेजारी ठेवावं. त्यातल्या कृती करू नयेत. जिथे कायद्यानं चालतात तिथल्या भाच्यांनी खुशाल कराव्यात आणि फोनवर चव सांगावी, घनतेच्या आकड्यांसह. त्यातला धीर मात्र आयात करावा, त्याला शुल्क नाही. आमची मुलगी यंदा प्रवेशिकेला बसते आहे. भूप गाताना तिचा गंधार रोज संध्याकाळी थोडा उतरतो. पूर्वी मी वर्तमानपत्राआडून “हं!” करत असे. हल्ली मी तिला म्हणतो, “राहू दे, उद्या पुन्हा.” कान धरायला गायन क्लासच्या बाई आहेत. कोण जाणे, ती गायिका होणार नाही. पण वीस वर्षांनी कुठल्यातरी मैफलीत, कुणाचा तरी गंधार केसभर उतरेल आणि तो तिला कळेल. तेवढ्यासाठी शेजारच्यांनी सध्या थोडी कळ सोसावी, ही विनंती.